टॅक्रोलिमस : चयापचय आणि मूत्रपिंडरोपण

टॅक्रोलिमस. रोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून आयुष्यभर घ्यावे लागणारे प्रतिरक्षादमनक औषध. जपानमधील त्सुकुबा परिसरातील मातीत आढळलेल्या ‘स्ट्रेप्टोमायसिस त्सुकुबेन्सिस’ या जिवाणूपासून फुजिसावा कंपनीच्या संशोधकांनी ते १९८४ मध्ये वेगळे केले. नावाचे पहिले अक्षर त्सुकुबाचेच. टॉमस स्टार्झल यांनी १९८९ मध्ये पिट्सबर्ग येथे यकृतरोपणाच्या रुग्णांना ते प्रथम दिले. मूत्रपिंडरोपणासाठी अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड बसवले गेले, तेव्हा हे औषध हाताशी नव्हते. सारी भिस्त स्टेरॉइडे आणि ॲझाथायोप्रिन यांवर असे.

टी-पेशींना चेतवणारे कॅल्सिन्यूरिन हे विकर टॅक्रोलिमस रोखते. हे काम सरळ आहे. अवघड आहे ते औषध रक्तात योग्य प्रमाणात टिकवणे. तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी सरासरी चौथा हिस्साच रक्तात पोहोचतो. बाकीचा आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात ‘सीवायपी३ए४’ व ‘सीवायपी३ए५’ ही विकरे मोडून टाकतात. अवशेष पित्तावाटे बाहेर पडतात, लघवीवाटे जवळजवळ नाहीत. गंमत अशी, की जे मूत्रपिंड या औषधाच्या उत्सर्जनात भाग घेत नाही, त्यालाच ते जास्त झाल्यास इजा करते : रक्तवाहिन्या आकसतात, क्रिएटिनिन वाढते, हात कापतात, साखर चढते. कमी पडले तर रिजेक्शन, म्हणजे शरीराने मूत्रपिंड नाकारणे. दोन्हींत क्रिएटिनिन वाढतेच, म्हणून केवळ त्या आकड्यावरून निदान होत नाही. रक्तातील औषधाची पातळी, म्हणजे ‘लेव्हल’, पाहावी लागते.

किती लेव्हल पुरे, याचे वजनदार उत्तर २००७ च्या ‘सिम्फनी’ चाचणीने दिले. १,६४५ रुग्णांच्या या अभ्यासात एका मिलिलिटरमागे ३ ते ७ नॅनोग्रॅम हे माफक लक्ष्य ठेवलेल्या टॅक्रोलिमसच्या गटात मूत्रपिंडाचे कार्य सर्वांत चांगले आणि रिजेक्शन सर्वांत कमी आढळले. सुरुवातीच्या महिन्यांत अनेक केंद्रे याहून वरची पातळी राखतात.

एकाच वजनाच्या दोघांना एकच मात्रा का चालत नाही, याचे मोठे कारण ‘सीवायपी३ए५’चे जनुक. युरोपीय वंशाच्या शंभरांतील ऐंशीहून अधिक लोकांत हे विकर कार्यशीलच नसते. भारतीयांत ते कार्यशील असणारे बरेच जास्त. अशांना सुरुवातीची मात्रा दीडपट ते दुप्पट द्यावी, असे २०१५ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत जनुक पाहून मात्रा ठरवल्याने लक्ष्य लवकर गाठले गेले, तरी रिजेक्शनमध्ये फरक पडला नाही. जनुकचाचणीचे कौतुक तेवढ्यापुरतेच करावे. लेव्हल सतत वरखाली होणे हे मात्र मूत्रपिंड गमावण्याशी जोडलेले दिसले आहे, आणि ते बरेचसे रोजच्या वागण्यावर अवलंबून असते.

आपल्याकडे या वरखालीची कारणे ओळखीची आहेत. क्षयावरील रिफॅम्पिसिन विकरे इतकी वाढवते, की लेव्हल पार खाली जाते. म्हणून रिफाब्युटिन किंवा रिफॅम्पिसिनविरहित उपचार निवडतात. बुरशीवरील फ्लुकोनॅझोल, जिवाणूंवरील क्लॅरिथ्रोमायसिन आणि रक्तदाबावरील डिल्टियाझेम ती चढवतात. डिल्टियाझेम तर भारतात कित्येकदा मुद्दामच देतात : कमी गोळ्यांत तीच लेव्हल मिळते आणि खर्च वाचतो. ही काटकसर शास्त्रशुद्ध आहे, पण डिल्टियाझेम परस्पर बंद केले की लेव्हल घसरते. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे पपनस ग्रेपफ्रूटप्रमाणेच आतड्यातील विकर निकामी करते. पावसाळ्यातील जुलाबांत लेव्हल उतरेल असे वाटते, पण बहुधा ती चढते, कारण औषध मोडणारे अस्तरच दुखावलेले असते. जेवण, त्यातही तुपकट जेवण, शोषण घटवते. गोळी रोज जेवणाच्या संदर्भात एकाच वेळी घेतल्यास हा फरक आटोक्यात राहतो.

लेव्हल चुकीची दिसण्याचे आणखी एक कारण तपासणीसाठीचा प्रवास. उदाहरणार्थ, उज्जैनपासून इंदूरची रोपणकेंद्रे सु. ५५ किमी. वर आहेत. अंतर फार नाही, पण त्यामुळे तपासणीची वेळ हुकते. टॅक्रोलिमस मुख्यतः तांबड्या पेशींत साठत असल्याने चाचणी पूर्ण रक्तावर, ईडीटीएच्या नळीत करतात. नमुना पुढच्या मात्रेच्या अगदी आधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर सु. १२ तासांनी घ्यावा लागतो. पहाटे घरून गोळी घेऊन निघालेल्या रुग्णाची लेव्हल खोटी वाढलेली येते, आणि तो आकडा पाहून डॉक्टर मात्रा कमी करतात. गोळी बरोबर न्यावी आणि रक्त दिल्यावरच घ्यावी.