रस्त्याची पायरी कोण ठरवितो?

पनवेलचा इतिहास हा पुष्कळ अंशी रस्त्यांचाच इतिहास आहे. घाटावरचा माल येथे खाडीच्या काठी उतरावा आणि मचव्यांतून मुंबईस जावा, मुंबईहून होडीने आलेल्या प्रवाशाने येथे किनाऱ्यास लागून खोपोलीची वाट धरावी, हा क्रम आगगाडी येईपर्यंत चालू होता. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव त्याच वाटेची साक्ष देतो. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता खुला झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढली आणि पनवेल बंदराचे महत्त्व ओसरू लागले. पुढे मोटारी आल्या आणि पळस्पे फाट्यावर पुण्याचा व गोव्याचा रस्ता वेगळे होऊ लागले. २००२ साली कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग निघाला. रस्त्यांचा इतका जुना सहवास ज्या गावास लाभला, त्या गावापुढे आम्ही एक साधा प्रश्न ठेवीत आहोत. रस्ता लहान की मोठा, हे ठरवितो कोण?

आजवरच्या इतिहासाचे उत्तर सरळ आहे: ज्याच्या हाती सत्ता, तो. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटनने पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला. तिच्यामागे शास्त्राची जिज्ञासा होती, तशीच राज्यकर्त्यांची गरजही होती. रस्त्यांचा विचार अखिल भारतीय पायरीवर होण्यास पुढे सव्वाशे वर्षे लागली. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली आणि मुख्य रस्ते हा केवळ प्रांतांचा नव्हे, तर साऱ्या देशाचा प्रश्न आहे, हा विचार रुजला. १९४३ च्या डिसेंबरात निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले. त्यांनी आखलेल्या ‘नागपूर योजने’त रस्त्यांची उतरंड ठरली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते. आज आपल्या बांधकाम खात्याच्या कागदांत आढळणारी ‘प्र. जि. मा.’, ‘इ. जि. मा.’, ‘ग्रा. मा.’ ही आद्याक्षरे त्याच उतरंडीची वंशज होत.

ही उतरंड चुकीची होती असे आम्हांस म्हणावयाचे नाही. कोणत्या रस्त्यावर कोणी खर्च करावयाचा, हे ठरविल्याखेरीज खडीचा ढीगही पडत नाही. परंतु ती पैशाची व कारभाराची उतरंड होती, वाटसरूची नव्हे. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. चारचा अठ्ठेचाळीस झाला आणि सतराचा सहासष्ट झाला. पनवेलकराने मात्र आपले ‘पुणे रस्ता’ आणि ‘गोवा रस्ता’ हे शब्द सोडले नाहीत. शिवाय नकाशा हाती येणेही सोपे नव्हते. समुद्रकिनारा आणि सरहद्द यांच्या पट्ट्यांतील मोठ्या प्रमाणाचे सरकारी नकाशे सामान्य माणसास दीर्घकाळ प्रतिबंधित होते. खाडीकाठचे पनवेल त्या पट्ट्यात पडते, हे वेगळे सांगावयास नको. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवे धोरण जाहीर केले, तेव्हा कुठे देशी संस्थांना व नागरिकांना नकाशे करण्याची वाट मोकळी झाली.

या पार्श्वभूमीवर एका निराळ्या उद्योगाकडे वळू. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थाननिश्चितीच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेला दोष काढून टाकला, आणि खिशात मावणाऱ्या यंत्राने आपण कोठे उभे आहोत हे काही मीटरच्या अंतराने कोणासही कळू लागले. २००४ साली इंग्लंडमधील स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा खुला नकाशा आरंभिला. जो तो आपल्या पायाखालचा रस्ता त्यात काढील आणि सारा नकाशा सर्वांचा राहील, अशी ती कल्पना. मे २००६ मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर काही स्वयंसेवक दोन-तीन दिवस जमले आणि यंत्रे घेऊन गल्लीबोळ फिरले. असे मेळावे पुढे देशोदेशी भरू लागले.

या नकाशात रेघ काढणे हे अर्धेच काम होय. प्रत्येक रेघेला खुणेची चिठ्ठी, म्हणजे ‘टॅग’, लावावी लागते, आणि खरी चर्चा तेथेच सुरू होते. चिठ्ठ्यांचे शब्द इंग्लंडातून आले: मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी. आपल्याकडील स्वयंसेवकांनी विचारविनिमय करून त्यांची सांगड नागपूरच्या उतरंडीशी घातली. राष्ट्रीय महामार्ग तो ट्रंक, राज्य महामार्ग तो प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग तो सेकंडरी, आणि द्रुतगती मार्ग तेवढा मोटरवे. तथापि शब्द परके असले की घोटाळे व्हावयाचेच. ‘अनक्लासिफाइड’ म्हणजे वर्ग न ठरलेला रस्ता, असे नवख्यास वाटते. वस्तुतः तो ब्रिटिश वर्गवारीतील टर्शरीखालचा, गावागावांस जोडणारा साधा रस्ता होय. आणि गंमत अशी की, पाऊलवाटेच्या चिठ्ठीतही पहिला शब्द ‘हायवे’ हाच असतो. कारण इंग्रजी कायद्यात लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट ‘हायवे’च ठरते.

याहून गंभीर वाद आहे तो पाटीचा आणि पायाचा. पाटीवरच्या क्रमांकावरून रस्त्याची पायरी ठरवावी, की लोक त्याचा उपयोग कसा करितात त्यावरून? बाह्यवळण झाले, क्रमांक तिकडे गेला, पण गावातल्या जुन्या रस्त्यावरची वर्दळ कायम राहिली, तर त्या रस्त्याने पायरी उतरावी काय? एक पक्ष म्हणतो, सरकारी क्रमांकाचा आधार सोडला तर ज्याला त्याला आपलाच रस्ता मोठा वाटेल. दुसरा म्हणतो, क्रमांक तर स्वतंत्र लिहिलेलाच असतो. पायरीने वाटसरूस खरे ते सांगावे. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. मात्र मतांपेक्षा महत्त्वाची आहे ती वादाची रीत. येथे निकाल देणारा साहेब नाही. केलेला प्रत्येक बदल, तो करणाऱ्याने घेतलेले नाव आणि दिलेले कारण यांची नोंद राहते. कोणी खोडसाळपणा केला तर पूर्वीची रेघ परत आणता येते. दुसऱ्याचा नकाशा उतरवून घ्यावयाचा नाही, जमिनीवर जे आहे तेच लिहावयाचे, हा दंडक सर्वांना सारखा लागू आहे.

हे सारे रिकामटेकड्यांचे वाद आहेत, असे कोणास वाटेल. जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या राजधानीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तेथील रस्ते काही दिवसांत रेखाटले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. इतके दूर कशाला जावे? शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावर, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. बचावपथकांना भर पावसात पायवाटेने डोंगर चढावा लागला आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. सत्तावीस मृतदेह हाती लागले. त्याहून अधिक माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. नकाशाने दरड थांबत नाही, हे आम्ही जाणतो. पण जी वाट एका वाडीचा जगाशी असलेला एकमेव दुवा असते, तिला क्रमांकांच्या उतरंडीत स्थान नसते, हेही विसरून चालणार नाही. खुल्या नकाशात त्या वाटेसाठी चिठ्ठी आहे. ती लावणारा माणूस मात्र हवा.

आणि तो माणूस दूर बसून पुरत नाही. उपग्रहाच्या चित्रात रेघ दिसते. पावसाळ्यात ती ओढ्याखाली जाते हे दिसत नाही. अलीकडे मोठ्या कंपन्यांचे पगारी नकाशाकारही या नकाशात भर घालतात. पण त्यांची नजर गाड्या जेथे जातात तेथेच प्रथम जाणार. पाड्याचे नाव काय, ते देवनागरीत कसे लिहावे, हे तेथला माणूसच सांगू शकतो. मराठी नावासाठी या नकाशात स्वतंत्र रकाना आहे. तो जेथे रिकामा आहे, तेथे नाव घालण्यास कोणाच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

रस्ते बांधणे सरकारचे काम आहे आणि ते त्याने केलेच पाहिजे. परंतु कोणत्या वाटेने आपली माणसे खरोखर चालतात, हे सांगणे आता आपल्या हाती आले आहे. कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांना जाणाऱ्या वाटा पनवेलकरांच्या पायाखालच्या आहेत. त्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनीच त्या नकाशावर आणाव्यात.