पुन्हा दाखवणारा हात

श्रोतेहो, हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात क्रिकेट आधी कानांनी आले. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकताना फलंदाज बाद म्हटला की बाद. पंचाने बोट वर केले, विषय संपला. पुढे दूरदर्शन आले आणि तीच घटना दुसऱ्यांदा, संथ गतीने दिसू लागली. तेव्हापासून पारावरचा प्रत्येक जण पंच झाला! पण ते दृश्य पुन्हा दाखवणारा माणूस मात्र कुणाला कधी दिसला नाही. आज त्याची आणि त्याच्या यंत्राची हकिगत सांगायची आहे.

७ डिसेंबर १९६३. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे लष्कर आणि नौदल यांच्या संघांचा फुटबॉल सामना होता. सीबीएस वाहिनीचे दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी पाचशे किलोहून जड असे चित्रमुद्रण यंत्र तिथे नेले. अडचण अशी, की धावत्या फितीवर हवी ती जागा शोधायची कशी? व्हर्नांनी युक्ती केली. खेळाच्या टप्प्यांनुसार फितीच्या ध्वनिपट्टीवर 'बीप' असा आवाज नोंदवायचा आणि फीत मागे घेताना तो कानांनी ओळखायचा. दिवसभरात अनेक प्रयत्न फसले, एकच साधला. लष्कराच्या रॉली स्टिचवेने मिळवलेले गुण लगेच पुन्हा दिसले. प्रेक्षकांना वाटू नये की पुन्हा गुण झाले, म्हणून समालोचकाला ओरडून खुलासा करावा लागला.

१९६७ साली अँपेक्स कंपनीचे चकतीवर मुद्रण करणारे यंत्र आले. त्यात जेमतेम तीस सेकंदांचे चित्रण मावे, पण ते संथ करता येई, थांबवता येई. फितीची यंत्रेही सुधारत गेली. प्रत्येक चित्राला तास, मिनिट, सेकंद आणि चित्रक्रमांक असा पत्ता मिळाला. तरी फीत सुरू केल्याबरोबर चित्र स्थिर होत नसे. म्हणून हव्या जागेच्या चार-पाच सेकंद मागे जाऊन यंत्राला तयार उभे ठेवावे लागे. बैलगाडीच्या शर्यतीत सुटण्याआधी बैल धरून ठेवतात, तसेच!

अशी चार-सहा यंत्रे प्रक्षेपणाच्या गाडीत रचलेली असत. प्रत्येकापाशी धावणे अशक्य. १९८०च्या दशकात सोनी कंपनीची नऊ पिनांची जोडणी रूढ झाली. एकाच केबलमधून 'चाल', 'थांब', 'अमुक जागी जा' असे हुकूम जात आणि 'मी इथे आहे' असे यंत्राचे उत्तर परत येई. चालकाच्या हाताखाली एक चाक. ते बोटाने फिरवले की दूरवरची फीत एकेक चित्र पुढे-मागे सरके.

या चाकाचे वजन आपल्याला कळले ते नोव्हेंबर १९९२मध्ये डर्बनला. जाँटी ऱ्होड्सने चेंडू अडवून फेकला, हडसनने यष्ट्या उडवल्या. पंच सिरिल मिचली यांनी निर्णय तिसऱ्या पंचाकडे सोपवला. कार्ल लीबेनबर्ग यांनी चित्रण पाहिले आणि सचिन तेंडुलकर बाद ठरला. कसोटी क्रिकेटमध्ये अशा रीतीने बाद झालेला तो पहिला फलंदाज. पुढच्याच जोहान्सबर्ग कसोटीत ऱ्होड्सविरुद्ध धावबादचे अपील झाले. पंच स्टीव्ह बकनर यांनी मदत मागितलीच नाही. पडद्यावर तो बाद दिसत होता, पण खेळत राहिला आणि त्याने ९१ धावा काढल्या. यंत्र तेच, फीत तीच. कुणी विचारलेच नाही तर पुराव्याचा उपयोग काय?

पुराव्यालाही मर्यादा होतीच. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. सेकंदाला सहा मीटर धावणारा फलंदाज दोन चित्रांमध्ये २४ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर सरकतो. धावबादचा वाद अनेकदा त्या वितेएवढाच असतो!

आता फिती गेल्या, संगणक आले, सेकंदाला कितीतरी अधिक चित्रे मिळू लागली. चालकाच्या टेबलावर चाक मात्र राहिले. अनेक नव्या यंत्रांना त्या जुन्या नऊ पिनांची भाषाही कळते. आयपीएलमध्ये २०२४ साली चित्रे शोधणारे तंत्रज्ञ थेट तिसऱ्या पंचाच्या खोलीत बसवले गेले. मधला टीव्ही दिग्दर्शक वगळला. पुरावा कोण निवडतो, याला किती महत्त्व आहे हे त्यातून मान्य झाले.

म्हणून श्रोतेहो, पडद्यावर एखादी गोष्ट पुन्हा दिसली की आपण म्हणतो, 'डोळ्यांनी पाहिले.' खरे तर आपण एका माणसाने निवडलेला कोन आणि त्याने थांबवलेला क्षण पाहिलेला असतो. बहुतेक वेळा तो हात प्रामाणिक आणि विलक्षण चपळ असतो. तरीही निकाल देण्याआधी विचारावे, दुसऱ्या कॅमेऱ्यात काय दिसले? पारावरच्या पंचांनीही ही सवय लावून घ्यावी. आता तर केवळ क्रिकेटच नव्हे, अवघे जग त्यांच्यासमोर तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले जात आहे.