लॉग रोटेशनमधील संग्रह-डिरेक्टरीची स्वयंनिर्मिती

सर्व्हरवरील घडामोडींची नोंद ठेवणारी फाइल, म्हणजे लॉग, ठरावीक मुदतीने किंवा ठरावीक आकाराची झाल्यावर बाजूला काढून तिच्या जागी कोरी फाइल सुरू करणे याला लॉग रोटेशन म्हणतात. बाजूला काढलेल्या फाइलींसाठी नेमलेली डिरेक्टरी अस्तित्वात नसल्यास रोटेशन करणाऱ्या प्रोग्रामनेच ती तयार करावी, ही सोय म्हणजे प्रस्तुत स्वयंनिर्मिती होय.

या कामाची प्रमुख साधने अमेरिकेत घडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९८७ च्या सुमारास लिहिलेला न्यूसिसलॉग हा प्रोग्राम पुढे फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीत आला. तेथे ‘ए’ हा पर्याय देऊन संग्रहाचा मार्ग कळवला, की त्यातील जी डिरेक्टरी नसेल ती तो स्वतः तयार करतो. अपाची वेब सर्व्हरसोबतच्या रोटेटलॉग्जमध्ये हेच काम मोठ्या लिपीतील ‘डी’ हा पर्याय करतो, आणि मार्गातच वर्ष-महिना लिहिता येत असल्याने दर महिन्याची डिरेक्टरी आपोआप उभी राहते.

लिनक्सवर सर्वाधिक परिचित असलेला लॉगरोटेट मात्र मुळात अधिक कडक होता. नॉर्थ कॅरोलायनातील रेड हॅट कंपनीत एरिक ट्रोन आणि प्रेस्टन ब्राउन यांनी लिहिलेल्या या प्रोग्रामला ‘ओल्डडिर’ या निर्देशाने संग्रहाची जागा सांगितली जाते. ती जागा नसेल तर तो चूक नोंदवून त्या लॉगचे रोटेशनच टाळतो, मूळ लॉग वाढत राहतो आणि कोणी लक्ष दिले नाही तर डिस्क भरते. ‘मिसिंगओके’ या निर्देशाने हे टळेल असा समज होऊ शकतो, परंतु तो निर्देश केवळ लॉग नसण्याची स्थिती माफ करतो, डिरेक्टरी नसण्याची नव्हे. पुढे आलेल्या ‘क्रिएटओल्डडिर’ या निर्देशाने ही उणीव भरून निघाली. त्यापुढे परवानगी, मालक आणि गट लिहिता येतात. ‘७५० रूट एडीएम’ असे लिहिल्यास रूट या मालकाला पूर्ण अधिकार, एडीएम गटाला केवळ वाचनाचा व प्रवेशाचा अधिकार मिळतो आणि इतरांना मज्जाव होतो. लॉगमध्ये वापरकर्त्यांचे आयपी पत्ते व खात्यांची नावे असतात, त्यामुळे हे तीन शब्द गाळणे योग्य नव्हे.

संग्रह नीट राखण्यामागे नियमांचाही रेटा आहे. कार्ड-व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस या मानकानुसार तपासणीच्या नोंदी किमान बारा महिने ठेवाव्या लागतात आणि त्यांपैकी अलीकडच्या तीन महिन्यांच्या नोंदी तत्काळ उपलब्ध असाव्या लागतात.

तथापि डिरेक्टरी तयार झाली म्हणजे फाइल तेथे जाईलच असे नाही. लॉगरोटेट फाइलचे केवळ नाव बदलून ती हलवतो आणि असे नामांतर एकाच फाइलसिस्टिमच्या आत शक्य असते. संग्रह वेगळ्या डिस्कवर असल्यास ‘कॉपी’, ‘कॉपीट्रंकेट’ किंवा ‘रिनेमकॉपी’ यांपैकी एक निर्देश द्यावा लागतो. खरा धोका अशाच ठिकाणी असतो. संग्रहाची डिस्क काही कारणाने जोडली गेली नाही, तर स्वयंनिर्मिती त्याच नावाची डिरेक्टरी मूळ डिस्कवर बनवते, जुने लॉग तेथे साचत जातात आणि डिस्क पुन्हा जोडल्यावर तिच्याआड दिसेनासे होतात. म्हणून व्हार-लॉग या लॉगच्या नेहमीच्या डिरेक्टरीच्या आतील संग्रहासाठी ही सोय निःशंकपणे वापरावी. बाहेरून जोडलेल्या डिस्कवरील डिरेक्टरी मात्र प्रशासकाने एकदा हाताने तयार करावी आणि ती न सापडल्यास लॉगरोटेटला चूक नोंदवू द्यावी.