राखायचं की तोडायचं

पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की भामरागडची माणसं फार समजूतदार होतात. एरवी एसटी पंधरा मिनिटं उशिरा आली तर आम्ही कंडक्टरच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. पण पूर आला की कुणी चकार शब्द काढत नाही. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या जिथे भेटतात तिथे येऊन राहिलो, आता तक्रार कुणाकडे करणार? अशाच एका पावसाळ्यात, तीनेक वर्षांपूर्वी, आमची भाची दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि आठ दिवस राहिली. वीज पहिल्याच रात्री गेली. मोबाइलचं नेटवर्कही लगोलग गेलं. एकमेकांना सोडून राहणं त्या दोघांना जमत नाही.

भाची पुण्याच्या एका कंपनीत आहे. ती तिथे काय करते, हे मी पूर्वी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा "अरे वा!" म्हणून विषय बदलला होता. आता विषय बदलून जायचं कुठे? दुसऱ्या दिवशी तिच्या लॅपटॉपने डोळे मिटले, तेव्हा तिने पिशवीतून साडेतीनशे पानांचं बाड काढलं आणि म्हणाली, "मामा, तुमच्याकडे लाल पेन्सिल आहे का?"

जंगलखात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे हलवायाला साखर आहे का विचारण्यासारखं आहे. मी तीन काढून दिल्या.

काम असं होतं. तिच्या कंपनीचा एक कंपायलर आहे, त्याचं हे माहितीपुस्तक. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. आम्हाला हे समजायला वेळ लागला नाही. इथे माडिया, मराठी, हिंदी आणि पलीकडून तेलुगू अशी वर्दळ असते. दुभाष्याशिवाय बाजारही होत नाही. फरक एवढाच की दुभाष्या वाक्यागणिक बोलतो, आणि कंपायलर आख्खा मजकूर आधी उतरवून मग हातात देतो. त्या पुस्तकात मजकूर बरोबर होता, पण खुणा बिघडल्या होत्या. दहा वर्षांत वीसेक जणांनी ते लिहिलेलं. कुणी आज्ञा ठळक अक्षरात छापली, कुणी तिरप्या, कुणी अवतरणात कोंबली. एकच शब्द एका पानावर जोडून, दुसऱ्यावर तोडून, तिसऱ्यावर मध्ये रेघ देऊन.

"एवढंच?" मी म्हणालो. "अगं, आमच्या एका पत्रात रेंजरसाहेबांचं आडनाव तीन प्रकारे असायचं. काही अडलं नाही कुणाचं."

"इथे अडतं, मामा. हे बघा. दुसऱ्या प्रकरणात तिरपं अक्षर म्हणजे 'हे जसंच्या तसं टाइप करा'. सातव्यात तिरपं अक्षर म्हणजे 'याच्या जागी तुमचं स्वतःचं नाव घाला'. आता वाचणाऱ्याने काय करायचं?"

मी चष्मा पुसला. खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी मला एक मोहाचं झाड आठवलं. पण त्याच्याकडे मी नंतर येतो. कारकुनाला आधी पूर्वपीठिका लिहावी लागते.

खूण ही मराठीत तशी नवीच गोष्ट. आपल्या पोथ्यांत आणि मोडी कागदांत दंड सोडला तर विरामचिन्ह नावाला नव्हतं. वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्याने आपल्या दमाप्रमाणे ठरवायचं. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी छापखान्याच्या वाटेने आली आणि त्यांना इथे रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. हेच कँडी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही होते. तो कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला आणि सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यात शब्दापुढे कंसात एक अक्षर असतं, हा संस्कृताचा, तो फारसीचा, पलीकडचा अरबीचा. साठ हजारांत ती खूण सांभाळायची म्हणजे गंमत नव्हे! त्या कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थसाहेबाच्या कामाला जे इंग्रजी क्रियापद लावलंय ते 'कंपाइल'च. म्हणजे महाराष्ट्रातला पहिला नामांकित कंपायलर घोड्यावर बसणारा होता. संगणकाकडे हा शब्द पुढे १९५२च्या सुमारास ग्रेस हॉपर या बाईंनी नेला. त्यांचा प्रोग्राम कपाटातले तयार तुकडे गोळा करून एकत्र बांधायचा, म्हणून कंपायलर.

आणि 'मार्कअप' हा शब्द आला छापखान्यातून. हस्तलिखित खिळे जुळवणाऱ्याकडे जाण्याआधी संपादक समासात लिहायचा, हे ठळक, हे मथळ्याचं, इथे जागा सोडा. संगणक आले तेव्हा याच सूचना मजकुरातच घालायची सोय झाली. १९६४ साली अमेरिकेत एमआयटीच्या जेरोम सॉल्टझरने 'रनऑफ' केला. त्यात ओळीच्या सुरुवातीला टिंब दिलं की ती ओळ छापायची नाही, पाळायची. पुढे बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्सवाल्यांना नवं यंत्र हवं होतं. साहेब लोक 'आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची आहे' असं सांगून पैसे देईनात, तेव्हा त्यांनी 'पेटंट खात्याचे अर्ज नीटनेटके छापून देऊ' म्हणून ते मंजूर करून घेतलं. (आमच्याकडेही टाइपरायटर मागताना वणव्याच्या अहवालाचं कारण द्यावं लागे. जग सगळं एकच.)

खरी अक्कल मात्र १९६९ साली आयबीएममध्ये सुचली. गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी या तिघांनी अशी पद्धत काढली की लेखकाने 'हे ठळक करा' असं सांगायचंच नाही. 'हा मथळा आहे', 'ही यादी आहे' एवढंच सांगायचं. ठळक की तिरपं ते यंत्र ठरवील. पद्धतीचं नाव जीएमएल, आणि तिन्ही आडनावांची आद्याक्षरंही तीच. गोल्डफार्ब शिक्षणाने वकील, तेव्हा हा योगायोग नसणार. कंपायलरच्या पुस्तकांत ही शिस्त आली ती रिचर्ड स्टॉलमनच्या टेक्सिन्फोने. त्याचा जीसीसी हा कंपायलर १९८७ साली बाहेर पडला. पवईच्या आयआयटीत पुढे याच जीसीसीच्या अभ्यासासाठी प्राध्यापक उदय खेडकरांच्या पुढाकाराने स्वतंत्र केंद्र निघालं.

टेक्सिन्फोत आज्ञेची खूण वेगळी, फाइलच्या नावाची वेगळी, आणि 'इथे तुमचं घाला' याची वेगळी; तिला 'व्हार' म्हणतात. कागदावर व्हार तिरपा छापला जातो, पण पडद्यावर साध्या अक्षरांत दाखवताना तो मोठ्या लिपीत होतो. आता बघा. जीसीसीला रेघ देऊन लहान 'ओ' लिहिला तर अर्थ 'तयार फाइलीचं नाव हे ठेव'. मोठा 'ओ' लिहिला तर 'प्रोग्राम वेगवान कर'. समजा कुणी चुकून लहान 'ओ'ला व्हारची खूण केली. कागदावर कुणाला कळणारही नाही. पडद्यावर मात्र तो फुगून मोठा होईल आणि वाचणारा बिचारा भलतीच आज्ञा देऊन बसेल.

आता मोहाचं झाड.

मी नोकरीला लागलो १९७८ साली. तेव्हा हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, पण माझा हात पुढे बरेच दिवस चंद्रपूरच लिहीत होता. त्याच सुमाराची गोष्ट. जंगलातल्या तोडीला कूप पाडतात. ज्या कुपात निवडक तोड असते तिथे तोडायच्या झाडांना खूण करतात. आणि जिथे सरसकट तोड असते तिथे राखायच्या झाडांना करतात, मोह, तेंदू, चार अशी फळझाडं त्यात येतात. खूण म्हणजे बुंध्यावर रंगाचा पट्टा. गार्डाला हे पाठ असतं. मुकादमाच्या हातात असते ती कारकुनाची चिठ्ठी. आणि कारकुनाने, म्हणजे मी, पाच वाजत आले होते म्हणून लिहिलं: "पट्टा असलेल्या झाडांबाबत नेहमीप्रमाणे कार्यवाही व्हावी."

टोळी निवडक तोडीच्या कुपातून आलेली. तिचं 'नेहमीप्रमाणे' वेगळं होतं. गार्ड धावत पोचेपर्यंत राखायचा एक मोह पडला होता. बाकीचे वाचले.

चार दिवसांनी एक म्हातारा माडिया ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. त्याच्या घरची माणसं त्या झाडाखाली दर उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची; त्याचा बापही वेचायचा. तो भांडला नाही. दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं, "बाबू, पट्टा होता ना?"

मी "होता" म्हणालो. याहून अचूक उत्तर मला देता येत नव्हतं आणि आजही येत नाही. फाइलीत त्या झाडाची नोंद 'वाऱ्याने पडलेले' अशी करता आली असती, तसं मला सुचवण्यातही आलं. मी 'चिठ्ठीतील संदिग्धतेमुळे' असं लिहिलं, आणि पुढची वेतनवाढ सहा महिने उशिरा घेतली.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बाडाच्या पहिल्या पानामागे तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: या पुस्तकात तिरपं म्हणजे 'तुमचं घाला', आणि दुसरं काही नाही. मग आम्ही दोघं बसलो. सहा दिवस, दिवसा उजेडात आणि रात्री कंदिलावर. ही म्हणाली, "अहो, नोकरीत असताना एवढं वाचलं असतंत तर बढती मिळाली असती."

घाऊक बदल करून टाकता येत नाही का, असं मी विचारून पाहिलं. भाची म्हणाली, शब्द सापडतो, पण तो तिथे कुठल्या अर्थाने आलाय ते यंत्राच्या भरवशावर सोडवत नाही. प्रत्येक वाक्य वाचावंच लागतं. एकट्या सातव्या प्रकरणात एकशे चाळीस तिरपे शब्द निघाले.

आठव्या दिवशी पाणी उतरलं. ती सामान भरता भरता माझ्या वाट्याची पानं चाळत होती. चाळता चाळता थांबली.

"मामा, तुम्ही या शब्दांना लाल गोल केलेत."

"हो, चुकलेल्यांना."

"आणि हे? हे तर बरोबर आहेत. यांनाही गोल आहे."

"ते तपासून झाले म्हणून केले," मी म्हणालो.

पुलावरून पलीकडे जायला दुपारची एसटी होती. ती तिने सोडली.