दोन सुताचा पाना

भाच्याने हिरोची एक्सपल्स घेतली. उंच गाडी, पुढे एकवीस इंची चाक, माती-दगडातून जायला केलेली. पुणे-नाशिककडे मातीच्या ट्रॅकवर शर्यती होतात, त्यांचे व्हिडिओ पाहून हे वेड शिरलेले. आठवड्यात त्याला कळले की अशी गाडी चिखलातून काढली की दर वेळी घरीच उघडून पुसावी लागते. मग तो किन्हीराजाला आला आणि म्हणाला, "मामू, नानांच्या पेटीतले कामाचे पाने मी घेतो, बाकीचे विकत आणतो."

नाना म्हणजे माझे अब्बा. त्यांची लोखंडी पेटी मागच्या खोलीत आहे तशीच होती. ते गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. एकदा फक्त भंगारवाला विचारून गेला होता. भाच्याने खिशातून डिजिटल कॅलिपर काढला आणि एकेक पाना मोजायला बसला. एका जाड, काळ्या पान्याचे तोंड १३.४ मिलिमीटर भरले. तेराच्या नटावर सैल, चौदाच्या नटावर शिरत नाही. "हा घिसलाय," असे म्हणून त्याने तो भंगाराच्या बाजूला टाकला. त्याच्या मागोमाग टोक झिजलेला एक पेचकसही गेला.

मी दोन्ही उचलून परत ठेवले, कारण पाना घिसलेला नव्हता आणि पेचकसाचे टोकही झिजलेले नव्हते.

त्या पान्यावर एका बाजूला "१/४ डब्ल्यू" आणि "५/१६ बी.एस." असे इंग्रजीत कोरलेले आहे. अब्बा त्याला दोन सुताचा पाना म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंच म्हणजे दोन सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. सुतार, गवंडी, लोहार अजूनही असेच बोलतात. पण या पान्याचे तोंड तर अर्ध्या इंचाहूनही मोठे आहे, मग दोन सूत कशाचे? बोल्टच्या दांड्याचे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी पहिली ठरीव पद्धत मांडली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागायचा नाही. व्हिटवर्थने आट्यांचा कोन ५५ अंश धरला. त्याच्या पद्धतीत पान्यावर कोरलेला आकडा डोक्याच्या रुंदीचा नसतो, आतल्या दांड्याच्या जाडीचा असतो. पाव इंची बोल्टचे डोके ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. त्यावर बसायचे तर पान्याचे तोंड सूतभर नव्हे, केसभर मोठे हवे. भाच्याच्या कॅलिपरने बरोबर तेच दाखवले होते.

हे विलायती माप वाशीमच्या या कोपऱ्यात आणले बुलेटने. १९५५ पासून मद्रासला एनफिल्ड इंडिया बुलेट बनवू लागली, मुळात लष्कराच्या मागणीसाठी. आराखडा इंग्रजी, म्हणून नट-बोल्टही इंग्रजी. आपल्याकडे (तेव्हा हा अकोला जिल्हा होता, वाशीम वेगळा झाला १९९८ मध्ये) बुलेट असायची ती एखाद्या पाटलाकडे, ठाण्यात नाहीतर एखाद्या ठेकेदाराकडे. अब्बा अकोल्यात एका गॅरेजवर चेला म्हणून राहिले आणि तिथे त्यांनी हात बसवला तो याच मापांवर. तेरा-चौदाचा पाना बुलेटवर लावला की उस्ताद पान्यानेच बोटावर मारायचे. त्याचेही कारण होते. १३.३ च्या डोक्यावर चौदाचा पाना बसतो, फिरतोही, आणि जोर लावला की कोपरे खाऊन सटकतो. एकदा डोके गोल झाले की छिन्नी-हातोडीशिवाय तो बोल्ट निघत नाही.

यातली गंमत अशी की देशाने तोवर इंच सोडले होते. १९५६ चा वजन-मापांचा कायदा झाला, एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो, गज जाऊन मीटर आला. दुकानातला काटा कायद्याने बदलता येतो. बोल्टचे तसे नसते. ज्या यंत्रात तो बसला ते यंत्र चालते तोवर त्याचे माप चालते. म्हणून अब्बांच्या पेटीत विलायती राज्य निदान तीस वर्षे जास्त टिकले.

त्याच पेटीत मिलिमीटरचे पानेही शिरत होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला जावा बनू लागली, तिचा आराखडा चेकोस्लोव्हाकियाचा. १९६२ पासून एस्कॉर्ट्सची राजदूत आली, ती पोलंडच्या गाडीवरून घेतलेली. दोन्ही मिलिमीटरवाल्या. माझ्या मते वऱ्हाडातली खरी मातीची गाडी राजदूतच. तिला कोणी डर्ट बाईक म्हटले नाही. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना अडकवून ती पांदण रस्त्याने रोज जायची. त्या रस्त्याला रस्ता म्हणणे हाही आपला चांगुलपणाच. आमची काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये गच्च भरते आणि चाक जागच्या जागी थांबते. मग उतरून खुरप्याने माती काढायची. मातीतल्या गाडीचे आमच्याकडचे पहिले अवजार पाना नाही, खुरपे आहे. पुष्कळ जण पावसाळ्यात पुढचे मडगार्डच काढून ठेवत आणि ते काढायला लागे दहाचा पाना.

मग १९८५ आले. हिरो होंडाची सीडी १०० निघाली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० निघाली, आणि मिस्त्रीलोकांची पेटी पुन्हा उलटीपालटी झाली. मिलिमीटर तोच, पण जपानचा रिवाज वेगळा. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला युरोपी पद्धतीत तेराचे डोके, जपानी गाड्यांवर बाराचे. दहाच्या बोल्टला तिकडे सतराचे, इकडे चौदाचे. अब्बांचा बारा-तेराचा डबल पाना हातात घ्या. बाराचे तोंड पसरून गेले आहे, तेराचे नव्यासारखे. पस्तीस वर्षांत आमच्या दुकानापुढे कोणत्या गाड्या थांबल्या याचा याहून चोख दाखला मला कुठल्या कागदावर सापडलेला नाही.

आता तो पेचकस. होंडाच्या त्या काळच्या इंजिनांच्या झाकणांना फुलीचे स्क्रू असत. बाजारात मिळायचा तो फिलिप्स जातीचा पेचकस. अमेरिकेत हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये पेटंट घेतलेली ती खाच मोटारींच्या कारखान्यांत लगेच पसरली. जपानी फुली दिसायला तशीच, पण आतली घडण थोडी निराळी. फिलिप्सचे टोक तिच्या तळाला पोचत नाही, अर्ध्यावर टेकते आणि जोर दिला की वर उसळून खाच खाते. गावोगावच्या मिस्त्रींनी कित्येक स्क्रू असे चावून टाकले आणि शिव्या गाडीला दिल्या. अब्बांनी सहाणेवर पेचकसाचे टोक जरासे घासले, इतकेच. तो तळाला बसू लागला. जपानी स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक टिंब असते, ती ओळख. हे त्यांना कोणी शिकवले ते मी कधी विचारले नाही. त्यांना टिंब माहीत होते, ते जपानी आहे हे माहीत नव्हते.

पेटीत एकसारखा संच कुठलाच नाही. पक्कड नाशिकच्या टपारियाचा, काही पाने जालंधरचे, काही वर नावच नाही. एकेक पाना वेगळ्या महिन्यात, अकोल्याला जाऊन, काम अडले तेव्हा घेतलेला. जमीन नव्हती, त्यामुळे तारण नव्हते, त्यामुळे कर्जही नव्हते. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांत स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आणि बँकेच्या कर्जाचा वाटा कमी असल्याचे आकड्यांनिशी मांडले आहे. मी तो वाचला तेव्हा मला ही पेटी आठवली. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना दहावीनंतर गॅरेजवर का बसवत, याला लोक परंपरा म्हणतात. शेत घ्यायला लाख लागत होते, दहाचा पाना काही रुपयांत येत होता, एवढाच त्याचा अर्थ.

ते दिवसही सरले. एप्रिल २०२० पासून बीएस ६ आले, स्प्लेंडरचाही कार्बोरेटर गेला, आणि दोष पाहायला पान्याआधी स्कॅनर लागू लागला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या त्या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे.

भाच्याला मी एवढेच सांगितले की दोनशे नगांची चकचकीत पेटी घेऊ नकोस. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा एवढ्या मापांत जवळजवळ सगळी गाडी उघडते. चाकाच्या नटाचे माप कॅलिपरने घे आणि मगच तो पाना आण. गोटी घ्यायची तर सहा कोनांची, बारा कोनांची नको. मातीत गंजलेल्या नटाचे कोपरे सहा कोनी गोटी राखते. जिथे बसेल तिथे रिंग पाना, उघड्या तोंडाचा अगदी अडचणीतच. स्पोक आवळायचा छोटा पाना हवाच, कारण दगडांवरून गाडी उडवली की आधी स्पोक ढिले होतात. ट्यूब काढायच्या दोन पट्ट्या, जपानी टोकाचा एक पेचकस, प्लगचा पाना. ॲल्युमिनियमच्या इंजिनावर लांब दांड्याचा पाना कधी नाही. लोखंडी बोल्ट तुटत नाही, इंजिनातले आटे निघून येतात, आणि मग खर्च पान्याच्या शंभरपट.

"आणि खुरपे?" त्याने हसत विचारले.

"ते तुझ्या आजीकडे आहे."

त्याने पेटीतून शेवटी तीन वस्तू घेतल्या. घासलेला पेचकस, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि अब्बांनी स्वतः दांडा वेल्डिंग करून आखूड केलेला दहाचा टी पाना. उरलेले भंगारवाल्याने उचलून पाहिले आणि किलोचा भाव सांगितला. बारा-तेराचा मी काढून घेतला. विलायती पाने चार निघाले. दीड सूत, दोन सूत, अडीच सूत, तीन सूत. मालेगावकडे एकाने आजोबांची जुनी बुलेट पुन्हा उभी केली आहे, त्याचा निरोप आला होता की इंजिनाचे बोल्ट कुठल्याच पान्याला दाद देत नाहीत. शुक्रवारी नमाजनंतर चारही पाने कापडात गुंडाळून मी तिकडे निघालो.