विटांच्या शाळेत दगडाचा धडा

ग्रेटर नोएडातल्या पंडित दीनदयाल उपाध्याय पुरातत्त्व संस्थेची इमारत मार्च २०१९ मधली. संस्था मात्र १९५९ ची, आणि तिच्यावरचे संस्कार त्याहून जुने, १९४४ चे. त्या वर्षी मूळचे पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकपदावरून गेले आणि मॉर्टिमर व्हीलर आले. दीक्षितांनी मोहेंजोदडोत उत्खनन केलं होतं. व्हीलरनी आल्या आल्या तक्षशिलेत तरुण मंडळी गोळा केली आणि मातीचे थर ओळखत खणायची शिस्त त्यांच्या अंगी मुरवली. तीन वर्षांत फाळणी झाली. खातं दिल्लीत राहिलं. हडप्पा, मोहेंजोदडो आणि ज्या तक्षशिलेत शाळा भरली ती तक्षशिलाही सीमेपलीकडे गेली.

मग शाळा नव्याने काढणं आलं. अमलानंद घोष महासंचालक असताना १९५९ मध्ये दिल्लीत पुरातत्त्व विद्यालय सुरू झालं. १९८५ मध्ये त्याला संस्थेचा दर्जा मिळाला, वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. पुढे बरीच वर्षं संस्थेचा पत्ता होता लाल किल्ला. इतिहास शिकायला याहून भारदस्त पत्ता कुठला मिळणार! अर्थात भारदस्त पत्ता म्हणजे ऐसपैस जागा नव्हे, हेही खरं.

गेलेल्या स्थळांची भरपाई या बाजूला शोधण्याचं काम तोवर जोरात सुरू झालं होतं. लोथल, कालीबंगन ही त्यातली ठळक नावं. मराठी वाचकाला दायमाबाद आठवेल. तिथलं पहिलं उत्खनन १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी केलं, आणि १९७२ ते ७८ या काळात तेच खात्याचे महासंचालक होते. पण या सगळ्यात सिंधू संस्कृतीचं जे चित्र मनात बसलं होतं, ते विटांचंच. सिंधूच्या गाळाच्या मैदानात दगड मिळणार कुठून? माती मुबलक, म्हणून वीट.

कच्छने हे चित्र बदललं. जगत्पती जोशी यांनी साठच्या दशकात तिथे पायपीट केली, सुरकोटडा शोधलं, आणि रणातल्या खदिर बेटावर लोक ज्याला 'कोटडा' म्हणत त्या टेकाडाची नोंद केली. तेच धोलावीरा. १९९० च्या सुमारास र. सिं. बिष्ट यांनी तिथे उत्खनन सुरू केलं ते २००५ पर्यंत चाललं.

बेटावर चुनखडीचा आणि वालुकाश्माचा दगड हाताशी होता. गवंड्यांनी तटाच्या पोटात कच्च्या विटा घातल्या आणि बाहेरून घडीव दगडांचा थर चढवला. बाहेरचा कोट सुमारे ७७१ मीटर लांब, ६१७ मीटर रुंद. भागून पाहा, पाचास चार हे प्रमाण काटेकोर निघतं. हे अजाणता घडत नाही. बालेकिल्ल्यात खांबांचे घासून गुळगुळीत केलेले दगडी तुकडे सापडले, उत्तर दरवाजाजवळ दहा मोठ्या अक्षरांची पाटी. पाटीचं लाकूड कुजून गेलं, पांढरी अक्षरं मात्र पडली तशी ओळीने राहिली.

तरी धोलावीराचं खरं वैभव तटात नाही, तटाच्या आतल्या पाण्यात आहे. उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर. दोन्ही ओढे पावसाळ्यापुरते. त्यांना बांध घालून पाणी वळवलं आणि टाक्यांत साठवलं. पूर्वेकडचं टाकं ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, दहा मीटरांहून खोल; तळापर्यंत दगडी पायऱ्या. बालेकिल्ल्यावर पडणारं पावसाचं पाणीसुद्धा दगडी गटारांतून गोळा होई. शत्रूची भीती असेलही, पण मला विचाराल तर या नगररचनेवर शत्रूपेक्षा दुष्काळाची छाप जास्त आहे.

अशी वस्ती एकटी कच्छचीच नव्हे. वायव्य अरबस्तानातल्या खैबरच्या ओअॅसिसभोवती साडेचौदा किलोमीटर लांबीचा तट होता, असं फ्रेंच-सौदी पथकाने २०२४ मध्ये मांडलं. काळ इसवी सनापूर्वी २२५० ते १९५०, म्हणजे धोलावीरा नांदत होतं तोच. तिथे भिंतीच्या आत नुसती घरं नव्हती, ओअॅसिसची हिरवी जमीनही होती. वाळवंटात माणूस भिंत घालतो ती आधी पाण्याभोवती.

धोलावीराचं उत्खनन चालू होतं त्या काळात आणि नंतरही दिल्लीची संस्था स्वतः खणत होती. १९९७ पासून राखीगढीचं उत्खनन अमरेंद्र नाथ यांच्याकडे होतं. पुढे तिथेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे उतरले. २०१८ मध्ये संजय मंजुल यांच्या पथकाला बागपतजवळ सिनौलीत तांब्याने मढवलेल्या शवपेट्या आणि गाडे सापडले. ते रथ की गाड्या, हा वाद मिटलेला नाही. धोलावीराला २७ जुलै २०२१ रोजी जागतिक वारशाचा मान मिळाला, देशातलं चाळिसावं स्थळ म्हणून. उत्खननाचा सविस्तर अहवाल मात्र काम थांबल्यावर दशकभराने हाती आला. आपल्याकडे खणण्याची हौस दांडगी, लिहिण्याचा कंटाळाही तितकाच. मुलांना थर ओळखायला शिकवतो तसा अहवाल वेळेत लिहिण्याचाही एक पेपर ठेवायला हरकत नाही.

ग्रेटर नोएडाचा पंचवीस एकरांचा परिसर प्रशस्त आहे. लाल किल्ल्याचा शेजार सुटला, तरी तुघलकाबाद काही दूर नाही. गियासुद्दीन तुघलकाने १३२१ मध्ये बांधायला घेतलेला तो दगडी कोट, आत बावडी, आणि त्याची कबर एके काळी पाण्याने वेढलेली. किल्ल्यातून तिकडे जायला बांध होता. तळं आज कोरडं आहे. खदिर बेटावर नेण्याआधी मुलांना एक दिवस इथे आणावं आणि पाणी कुठून येत होतं, कुठे साठत होतं, याचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्यावा.