काचनळीची साक्ष

ज्या यंत्रांनीं खानदेशचें रूप पालटलें त्यांची आठवण निघाली म्हणजे डोळ्यांपुढें उंच धुराडें उभें राहतें, गिरणीचा भोंगा कानांत घुमूं लागतो आणि रुईच्या गासड्यांनीं भरलेल्या मालगाड्या दिसूं लागतात. परंतु या साऱ्या खटाटोपाची, आणि त्यांत राबणाऱ्या माणसांच्या प्राणांचीही, भिस्त ज्या एका लहानशा वस्तूवर होती, तिचा उल्लेख आमच्या औद्योगिक इतिहासांत सहसा आढळत नाहीं. ती वस्तु म्हणजे बाष्पपात्राच्या, अर्थात् बॉयलरच्या, दर्शनी बाजूस बसविलेली हातभर लांबीची काचेची नळी. आंत पाणी किती आहे हें बाहेर दाखविणें एवढेंच तिचें काम. तें तिनें खरेपणानें आणि दीर्घकाळ करावें यासाठीं जी खटपट झाली, तिचा खानदेशच्या दृष्टीनें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कापूस हें खानदेशचें जुनें पीक. पण त्याला वाफेची जोड मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानांतील कापसाचे भाव एकाएकीं चढले. १८६५ सालीं थळघाटांतला लोहमार्ग खुला झाला. १८६७ पर्यंत भुसावळवरून गाडी थेट नागपुरास पोंचली. जळगांवचें भाग्य उदयास आलें तें याच वेळीं. जिन आले, प्रेस आले, आणि १८७० नंतरच्या दशकांत तेथें सूत काढणारी व कापड विणणारी गिरणीही उभी राहिली. पांझरेच्या कांठचें धुळें मुंबई-आग्रा रस्त्यावर असलें तरी चाळीसगांवाहून तेथें रेल्वे जावयास १९०० साल उजाडावें लागलें. अमळनेरास श्रीमंत प्रताप शेठ यांची गिरणी विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाली. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि धुळ्यांतून १९९८ सालीं नंदुरबार वेगळा निघाला. या सर्व ठिकाणीं जें जें चक्र फिरलें त्याच्या मुळाशीं प्रथम कोणता तरी बॉयलर होता.

गिरण्यांत विशेष प्रचार होता तो लँकेशायर बॉयलरचा. विल्यम फेअरबर्न यानें १८४४ सालीं तो पुढें आणला. सुमारें तीस फूट लांब व सातआठ फूट व्यासाचें एक आडवें लोखंडी पिंप. त्याच्या पोटांतून आरपार गेलेले दोन मोठे नळ. नळांच्या तोंडाशीं भट्ट्या आणि नळांच्या सभोंवार पाणी. भट्टीवरचा पत्रा पाण्याखालीं बुडालेला आहे तोंवर ज्वाळेची उष्णता पाणी ओढून घेतें आणि पत्रा शाबूत राहतो. पाणी त्याच्या खालीं उतरलें कीं तोच पत्रा तापून लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेच्या दाबानें दबून फाटतो. दर चौरस इंचास शंभर पौंड दाब असतां आंतील पाणी सुमारें १७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेलें असतें. फट पडून दाब उतरतांच त्यांतील बऱ्याच पाण्याची क्षणार्धांत वाफ होते, आणि मोकळ्या हवेंत वाफेला पाण्याच्या सुमारें १६०० पट जागा लागते. बॉयलर फुटून भिंती कोसळतात त्या या पाण्याच्या जोरानें. म्हणून पाण्याची पातळी समजणें ही सोय नव्हे, तें संरक्षण आहे.

आरंभीं ही पातळी ओळखण्याचे उपाय ओबडधोबड होते. बॉयलरच्या अंगावर उंचीनें वेगवेगळ्या दोन-तीन तोट्या बसवीत. वरची उघडली असतां वाफ व खालची उघडली असतां पाणी आलें, म्हणजे पातळी दोहोंच्या मध्यें आहे असें समजावें. पण दाबाखालचें तप्त पाणी बाहेर पडतां पडतां स्वतःच वाफ होतें. तेव्हां तोटींतून आलें तें मूळचें पाणी कीं मूळची वाफ, हें ओळखण्यास कान व डोळा तयार लागे. १८०३ सालीं लंडनजवळ ग्रीनिच येथें रिचर्ड ट्रेव्हिथिक याचा बॉयलर फुटून चार माणसें दगावलीं. यंत्रावर नेमलेला मुलगा मासे पकडावयास गेला होता आणि यंत्र एका मजुराच्या हवालीं करून गेला होता. ट्रेव्हिथिकनें त्या पोराला नांवें ठेवून स्वस्थ न बसतां भट्टीच्या माथ्यांत शिशाची गुडदी बसविण्याची युक्ति काढली. पाणी उतरलें कीं शिसें वितळावें आणि वाफेनें आग विझवावी, म्हणजे माणूस चुकला तरी यंत्रानें सावध व्हावें. आमच्या मतें बॉयलरच्या सुरक्षिततेचा खरा इतिहास येथून सुरू होतो.

पुढें काचनळी आली. वर एक व खालीं एक अशा दोन पितळी तोट्यांमध्यें ती नळी रबराच्या किंवा तशाच वेष्टणानें घट्ट बसवितात. वरच्या तोटीनें तिचा बॉयलरमधील वाफेशीं व खालच्या तोटीनें पाण्याशीं संबंध जुळतो; म्हणून आंत जी पातळी तीच नळींत दिसते. तिसरी तोटी नळी धुण्यासाठीं. पाण्याचा अंश चटकन् नजरेस यावा म्हणून कित्येक ठिकाणीं नळीच्या मागें काळ्यापांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची पाटी लावीत. पाणी भिंगाचें काम करतें, त्यामुळें पाण्यामागच्या पट्ट्या उलट्या बाजूस झुकलेल्या दिसतात आणि वरच्या सुलट्या. अंधुक उजेडांतही फसगत होऊं नये अशी ही साधी व सुंदर तोड आहे.

तरीही ही नळी खोटी साक्ष देऊं शकते. वरची वाट गाळानें बुजली तर नळींतील वाफ थिजून पाणी वर चढतें आणि रिकाम्या होत चाललेल्या बॉयलरवर भरलेली काच दिसते. खालची वाट बुजली तर जुनेंच पाणी नळींत उभें राहतें. नळी मापापेक्षां आंखूड कापलेली असली तर रबर दाबतांना तिच्या तोंडावर पसरून वाट बंद करतें. म्हणजे चांगली काच, चांगली तोटी आणि तरी साक्ष खोटी. याकरितां पाळीपाळीनें एकेक तोटी मिटून, खालची उघडून, वाफ व पाणी निरनिराळें येतें कीं नाहीं हें वरचेवर पाहावें लागतें. हें पाहणें ज्याच्याकडे होतें त्यास मुंबईकडील गिरण्यांत 'आगवाला' म्हणत.

आतां या आगवाल्याची खानदेशांतील स्थिति पाहावी. दख्खनच्या काळ्या दगडांतून झिरपलेलें विहिरीचें पाणी बहुधा जड. तें आटतांना लोखंडावर चुनखडीचा थर चढवितें, आणि हाच थर काचनळीच्या बारीक वाटा बुजवितो. थर बसूं नये म्हणून पाण्यांत सोडा घालावा, तर तप्त क्षार काच आंतून खातो, नळीची भिंत पातळ होते आणि एके दिवशीं ती फुटते. लोखंडाचें औषध काचेचें विष ठरतें! शिवाय जिनचा धंदा हंगामी. दिवाळीनंतर भट्टी पेटावी आणि पावसापूर्वीं विझावी. मधले महिने बॉयलर थंड. या काळांत तोट्या गंजून अडकतात, रबर वाळून कडक होतें, आणि नवा हंगाम जुन्या दोषांसह सुरू होतो.

परंतु पाण्याहून व गंजाहून मोठा शत्रु होता तो जागरणाचा. १८८१ सालच्या कारखान्यांच्या कायद्यानें शंभराहून कमी माणसांचे आणि वर्षांतून चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने वगळले होते. हंगामी जिनांना ही पळवाट आयती मिळाली. १८८४-८५ सालीं मुंबई इलाख्यांत नेमलेल्या कमिशनपुढें खानदेशांतील जिन-प्रेसांविषयीं ज्या साक्षी झाल्या, त्यांत तेजीच्या दिवसांत तींच माणसें आठ-आठ दिवस रात्रंदिवस कामावर ठेवलीं जात असें उघड झालें. सर्व कारखान्यांतील प्रौढ पुरुषांच्या तासांवर मर्यादा आली ती १९२२ सालीं. अशा आठ दिवसांच्या अखेरीस हातभर काचेकडे टक लावून बसलेल्या डोळ्यांत काय शिल्लक राहत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. बॉयलर फुटल्यावर 'आगवाल्याचा निष्काळजीपणा' हें कारण लिहिणें सोपें. पण ज्यानें त्याचे डोळे मिटवले त्याचें नांव त्या कागदावर येत नसे.

कायद्याचें लक्ष या विषयाकडे वळलें तें अपघातांनींच. १८६३ सालीं कलकत्त्यास एक बॉयलर फुटून कित्येक माणसें मेलीं. त्यावरून १८६४ सालीं बंगालमध्यें तपासणीचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत व इतरत्र पुढें वेगवेगळे कायदे झाले. एका प्रांतांत मान्य असलेला बॉयलर दुसऱ्यांत अमान्य ठरूं लागला, तेव्हां १९२३ सालीं सर्व देशाला एक कायदा लागू करण्यांत आला. पाणी दाखविणारें साधन एकच न ठेवतां दोन ठेवावीं, हें तत्त्व त्याखालच्या नियमांत आहे. एक साक्षीदार फितला तर दुसऱ्यानें त्याला उघडें पाडावें, हा न्यायशास्त्रांतला नियम येथेंही लागू पडला. २०२५ सालीं त्या कायद्याची जागा नव्या अधिनियमानें घेतली. पण तपासणीची गरज कायम आहे.

इकडे काचही सुधारत होती. जर्मनींत येना येथें ऑटो शॉट यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकणखाराचें तत्त्व मिसळून जी काच तयार केली, ती साध्या काचेच्या सुमारें तृतीयांशानेंच फुगते. म्हणून एकाएकीं तापली वा निवाली तरी तडकत नाहीं. व्हिएन्नाच्या रिचर्ड क्लिंगर यानें नळीच सोडून जाड सपाट काच लोखंडी चौकटींत बसविली आणि तिच्या आंतल्या अंगास उभ्या खांचा पाडल्या. वाफेच्या भागांत या खांचांवरून प्रकाश परतून चांदीसारखा चकाकतो. पाण्याच्या भागांत तो पाण्यांत शिरतो व तेथें काळें दिसतें. दाब फारच वाढला तेव्हां काचेवर अभ्रकाचा पापुद्रा ठेवून क्षारापासून तिचा बचाव करण्यांत आला. आमच्याकडेही काचेचा धंदा उभारण्याची ईर्ष्या होती. तळेगांवचा पैसा फंडाचा कारखाना १९०८ सालीं निघाला, आणि ओगल्यांचा कंदील पुढें घरोघर पोंचला. परंतु कंदिलाची काच दिव्याची धग सोसते. बॉयलरच्या काचेला धग, दाब व क्षार हीं तिन्ही एकदम सोसावीं लागतात. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंत शास्त्राचें केवढें अंतर असूं शकतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

आज जिनांत वाफेचें इंजिन नाहीं. विजेनें तें केव्हांच हटविलें. पण भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रांत ५०० मेगावॅटच्या संचांमागें प्रचंड बॉयलर आहेत, आणि तेथील दाबापुढें जुन्या गिरणीचा दाब पोरखेळ वाटावा. पातळी दूरच्या खोलींत दाखविणारीं साधनें तेथें असलीं तरी पाण्याचा प्रत्यक्ष दाखला देणारें साधन निरुपयोगी ठरलेलें नाहीं.

टिकाऊ साधन कशास म्हणावें, या प्रश्नाचें उत्तर या इतिहासांतूनच मिळतें. जें फुटत नाहीं तें टिकाऊ, ही समजूत अपुरी आहे. न फुटतां खोटें सांगणारी काच फुटणाऱ्या काचेहून अधिक घातक होय. ज्याची परीक्षा रोज घेतां येते, ज्याचा दोष लपत नाहीं, आणि जें पाहणारा माणूस झोपेनें मेलेला नाहीं, तेंच साधन खरें टिकाऊ. यांतलीं पहिलीं दोन लक्षणें कारागिराच्या हातीं आहेत. तिसरें मालकाच्या व समाजाच्या हातीं. खानदेशच्या कापसानें अनेकांचीं घरें भरलीं. त्या भरभराटीचा हिशेब मांडतांना भट्टीपुढें जागलेल्या रात्रींची रक्कमही खर्चाच्या बाजूस धरली पाहिजे.